निसर्गरम्य लिहून बुकिंग येत नसतंय

साताऱ्याजवळ कास रोडला यवतेश्वरच्या पुढं मामांचं घर आहे, दोन खोल्या पाहुण्यांना देतात, आणि बुकिंगच्या साईटवरची त्याची लिस्टिंग, म्हणजे जाहिरात, आता माझ्या गळ्यात पडलीये कारण घरात मोबाईलवर टायपिंग मलाच जमतं म्हणे. आधी होती ती चुलतभावानं टाकलेली, 'निसर्गाच्या कुशीत, शांत, रम्य, सर्व सुविधांयुक्त'. आता बघा, त्या रोडला जेवढी म्हणून घरं भाड्यानं मिळतात ती सगळी निसर्गाच्या कुशीतच आहेत, मग माणसानं तुमच्याच घरावर बोट का ठेवायचं?

माझं म्हणणं एवढंच की बुकिंग करणारा माणूस कौतुक वाचत नाही, तो घाबरलेला असतो. पुण्याहून सासूबाईंना घेऊन निघालेली बाई विचार करत असते की कमोड आहे का, पायऱ्या किती, गीझर चालतो का, पावसात लाईट गेली तर इन्व्हर्टर आहे का, गाडी दारापर्यंत येते का. हे सगळं मी सरळ वरच टाकलं तर मामा चिडले, "आगं तसं कोण लिहितंय व्हय, कमोड-बिमोड?" मी म्हटलं मामा, तुम्हाला दिवसभर फोन येतात त्यात लोक काय विचारतात ते आठवा. मग गप बसले.

फोटोंचं बोलायचं तर पडदे उघडा, सगळे दिवे लावा आणि सकाळच्या उजेडात खोलीच्या कोपऱ्यात उभं राहून मोबाईल आडवा धरून काढा, छातीच्या उंचीवर, एवढंच. ते वाईड लेन्सनं खोली हॉलएवढी दाखवायचं बंद करा, माणूस दार उघडल्या उघडल्या तोंड वाकडं करतो आणि ते रिव्ह्यूत उतरतं. बाथरूमचा फोटो पाहिजेच (बादली-मग बाजूला करून, प्लीज). आणि कास पठारावरच्या फुलांचा नेटवरचा फोटो कव्हरला लावायचा नाही. एक तर तो दुसऱ्या कुणाचा तरी असतो, आणि पठार काय आपल्या अंगणात नाहीये. कव्हरला आपल्या ओसरीवरून दिसतं तेच, मग ते धुकं का असेना.

सीझनचं मात्र नीट लिहा, कारण इथंच सगळ्यात जास्त घोळ होतो. कासची फुलं साधारण ऑगस्टच्या शेवटापासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत, तेही पावसावर, त्यामुळं मे महिन्यात येऊन "फुलं कुठायत" विचारणारी माणसं भेटतात आणि त्यांची काही चूक नसते, लिस्टिंगवर बारा महिने फुलंच दाखवलेली असतात. पश्चिम घाटाला २०१२ मध्ये युनेस्कोचा जागतिक वारसा दर्जा मिळाला त्यात कासही आलं, तेव्हा नाव सगळ्यांना माहीत असतंच, तुम्ही फक्त कधी काय दिसतं ते सांगा. हंगामात पठारावर जायला ऑनलाइन बुकिंग लागतं हे आधीच सांगितलं तर पाहुणा तुम्हाला दुवा देईल. ठोसेघरचा धबधबा पावसाळ्यातला, उन्हाळ्यात नुसता कडा बघायला लागतो. वासोटा किल्ल्यावर जायचं असेल तर बामणोलीहून बोट, सकाळी लवकर निघायचं, आणि पावसाळ्यात तो ट्रेक बंद.

अजून एक, अंतर नुसतं किलोमीटरमध्ये लिहू नका. कास एका रस्त्याला आणि सज्जनगड-ठोसेघर-चाळकेवाडीच्या पवनचक्क्या दुसऱ्या, म्हणजे आमच्याकडून ठोसेघरला जायचं तर घाट उतरून साताऱ्याच्या बोगद्यापाशी यायचं आणि परत दुसरीकडं चढायचं. नकाशावर दोन्ही शेजारी शेजारी दिसतात म्हणून लोक एका दुपारी दोन्ही ठरवतात आणि मग धुक्यात अडकतात. मी लिस्टिंगमध्ये सरळ लिहून टाकलं, एक दिवस कास-बामणोली, दुसरा दिवस सज्जनगड-ठोसेघर. त्यावरून काहीजण एकाच्या जागी दोन रात्री मागायला लागले, हे मामांना फार आवडलं.

जेवणाचं 'घरगुती चविष्ट भोजन' वगैरे काढून टाकलं. काय मिळतं, व्हेज-नॉनव्हेजचं ताट केवढ्याला, मामीला किती आधी सांगायचं, संपला विषय. मामी काय रात्री दहाला मटण टाकणार नाही, आणि टाकूही नये.

नियमांचं म्हणाल तर सूचना लिहिताना आपल्या लोकांच्या अंगात येतं. मोठ्यानं बोलू नये, चप्पल इथं काढू नये, फुलं तोडू नयेत. पुणेरी पाट्या वाचायला पुण्याची माणसं साताऱ्यापर्यंत कशाला येतील? दोनच ठेवले, रात्री दहानंतर स्पीकर नाही आणि खोलीत सिगरेट नाही. नेटवर्क कमी येतं तेही लपवलं नाही. वर्क फ्रॉम होमवाले गेले असतील दुसरीकडं, पण आल्यावर मीटिंग तुटली म्हणून एक स्टार देण्यापेक्षा ते बरं.

आता मामांचं नवीन सुरू झालंय, शेजाऱ्यानं स्विमिंग पूल केला म्हणून आपणही करू. मी म्हटलं आधी ती गळणारी फ्लशची टाकी बदला, मग बघू.