मुरगळलेला घोटा आणि ताणाचा टेप : माझा अनुभव

पाऊस संपला की काळी जमीन फाटते. वेचणीत कमरेला कापसाची ओटी भरलेली असली की पुढची भेग दिसत नाही. माझा पाय तसाच आत वळला आणि बाहेरच्या घोट्याखाली सूज आली.

आधी हाड तपासायचं, टेपचं नंतर. चार पावलंही टाकता येत नसतील, किंवा घोट्याच्या हाडाच्या मागच्या कडेवर दाबताच कळ येत असेल, तर एक्स-रे काढायचा. माझं तसं नव्हतं. पहिले तीन दिवस क्रेप बँडेज बांधून पाय उशीवर उंच ठेवला. गावात लगेच चोळून द्यायला माणूस येतो, त्याला हात लावू दिला नाही. ताज्या मुरगळीत चोळलं की सूज वाढते.

मेडिकलात नुसतं 'टेप' म्हटलं तर न ताणणारा पांढरा टेप हाती येतो. तो सांधा जखडायला असतो. आपल्याला हवा तो काइनेसिओलॉजी टेप, 5 सेंमी रुंद, 5 मीटरचा रोल. जपानच्या केंझो कासे यांनी तो 1970च्या दशकात तयार केला. सुती कापडात लवचिक धागे असतात, त्यामुळे तो लांबीत ताणतो, रुंदीत नाही. दुकानातच ओढून पाहावा.

माझा पहिला टेप अर्ध्या दिवसात सुटला. आदल्या रात्री लावलेलं तिळाचं तेल कातडीत मुरलं होतं. आता साबणाने पाय धुतो, पूर्ण कोरडा करतो, दाट केस कात्रीने बारीक करतो. टाचेच्या भेगांना व्हॅसलिन लावायचं तर टेपच्या आदल्या दिवशीपर्यंतच. भेगेतून रक्त येत असेल तर टेप लावायचाच नाही.

दोन पट्ट्या कापतो, एक 35 सेंमी, दुसरी 15. चारही कोपरे गोल करायचे, नाहीतर टोकदार कोपरा मोज्यात अडकून उचकटतो. पंजा सरळ काटकोनात धरायचा. पहिली पट्टी आतल्या घोट्याच्या वर चार बोटं सुरू करून टाचेखालून बाहेरच्या बाजूने वर आणायची. टाचेखालून वर येताना निम्मा ताण द्यायचा : 10 सेंमीचा तुकडा पुरता ओढल्यावर साधारण 14 होत असेल, तर 12वर थांबायचं. दोन्ही टोकांचे 4-5 सेंमी मात्र अजिबात न ओढता ठेवायचे. सगळ्यात जास्त चूक इथेच होते. टोक ताणलं की ते आपल्या जागी परत यायला बघतं, सोबत कातडीही ओढतं, आणि संध्याकाळपर्यंत तिथे फोड येतो. दुसरी पट्टी मधोमध कागद फाडून, दुखऱ्या जागेवर मधला भाग टेकवून लावायची; तिचीही टोकं सैल.

मग तळहाताने दीड-दोन मिनिटं जोरात घासायचं. गोंद उष्णतेने धरतो. म्हणूनच वावरात निघण्याआधी अर्धा-पाऊण तास तरी लावून ठेवावा. घाम फुटल्यावर लावलेला टिकत नाही.

टेपमुळे सूज जादूने उतरत नाही. दुखणं थोडं कमी वाटतं आणि पाय आत वळू लागला की कातडीवर ओढ जाणवून सावध व्हायला होतं, एवढंच. घोटा परत मुरगळू नये यासाठी कामाला येतो तो एका पायावर तोल सांभाळण्याचा व्यायाम. मी तो दात घासताना करतो, रोज 30 सेकंद, तीनदा.

तीन-चार दिवस टेप राहतो, आंघोळ चालते, फक्त टॉवेल टेकवून टिपायचा, घासायचा नाही. बोटं बधिर झाली, खाज सुटली किंवा पुरळ आलं तर लगेच काढायचा. काढताना त्यावर गोडेतेल लावून पाच मिनिटं थांबतो, आणि एका हाताने कातडी दाबून धरत केसांच्या दिशेने हळूहळू सोलतो. झटका दिला तर कातडीचा थर निघतो.

रोल पत्र्याच्या छपराखाली ठेवू नका. आमच्याकडच्या मे महिन्यात गोंद कागदाला धरून बसतो आणि टेप निघता निघत नाही. माझा आता माजघरात, माठाच्या बाजूच्या कोनाड्यात, डब्यात बंद असतो.