पाणी पिऊन या

गेल्या श्रावणात माझ्या ओटीपोटात दुखू लागले आणि दोन-तीनदा रक्ताचे डाग दिसले. मी पारलिंगी पुरुष आहे, म्हणजे जन्माच्या वेळी मुलगी म्हणून नोंदला गेलेला पुरुष. टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक सुरू केल्यावर पाळी बहुधा काही महिन्यांत थांबते, पण शस्त्रक्रिया झाली नसेल तर गर्भाशय जागच्या जागीच असते, आणि थांबलेला रक्तस्राव पुन्हा दिसला तर त्याची तपासणी व्हायलाच हवी. हे सारे ठाऊक असूनही भांडुपच्या घरातून रुग्णालयाच्या फाटकापर्यंत पोहोचायला मला सात आठवडे लागले.

माझी भीती केस पेपरच्या खिडकीपाशीच खरी ठरली. २०१९ च्या कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांकडून मिळणाऱ्या ओळखपत्रावर 'तृतीयपंथी' अशी नोंद होते. तिथे 'पुरुष' असे हवे असेल तर वैद्यकीय दाखला जोडून पुन्हा अर्ज करावा लागतो, आणि तो दाखला माझ्याकडे नाही. मुंबईत 'तृतीयपंथी' म्हटले की लोकांच्या डोळ्यांसमोर सिग्नलवर टाळी वाजवणारी साडीतली व्यक्ती उभी राहते; दाढी राखलेला, शर्ट खोचलेला हिशेबनीस काही उभा राहत नाही. केस पेपर काढणाऱ्या ताईंनी कार्ड पाहिले, मला पाहिले आणि 'पुरुष' असे टाकले. त्यावर स्त्रीरोग विभागाचा पेपर निघेना. मागची रांग कुरकुरू लागली, तेव्हा त्यांनी ते बदलून 'स्त्री' केले आणि पेपर निघाला.

ओपीडीच्या दाराशी रखवालदार म्हणाला, "भाऊ, पेशंटला आत पाठवा, तुम्ही बाहेर थांबा." पेशंट मीच आहे, हे बाकावरच्या वीसेक बायकांच्या देखत सांगावे लागले.

डॉक्टर उद्धट नव्हत्या, हे आधी नमूद करतो. त्यांना कुतूहल होते. घरी माहीत आहे का, लग्नाचे काय, ऑपरेशन कधी करणार, असे विचारता विचारता रक्तस्राव कधीपासून होतो हा प्रश्न बऱ्याच उशिरा आला. त्यांचा दोष मी निम्माच मानतो. पाठ्यपुस्तकांतला आमच्याविषयीचा अवमानकारक आणि अशास्त्रीय मजकूर सुधारावा, अशी सूचना राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर, २०२१ मध्ये दिली. त्याआधी पदवी घेतलेल्यांना आमच्या शरीराविषयी धड काही शिकवलेच गेले नसेल, तर त्यांनी विचारावे तरी काय?

खिडकीवरच्या त्या एका शब्दाने पुढे रक्ताच्या रिपोर्टातही घोळ घातला. माझे हिमोग्लोबिन १५.९ आले आणि पेपरवर 'स्त्री' असल्यामुळे संगणकाने त्यापुढे वर जाणारा बाण छापला. वर्षानुवर्षे टेस्टोस्टेरॉन घेणाऱ्याचा हा आकडा पुरुषांच्या मर्यादेशी ताडून पाहायचा असतो, आणि त्या हिशेबाने तो अगदी ठीक होता. तरीही चाचणी पुन्हा करायला लावली आणि माझी आणखी अर्ध्या दिवसाची रजा गेली. ही दगदग नको म्हणून माझ्या ओळखीतली दोन मुले मेडिकलवाल्याकडून परस्पर इंजेक्शने आणतात आणि व्हॉट्सॲपवर विचारून मात्रा ठरवतात. या औषधाने रक्त दाट होऊ शकते, त्यावर ठरावीक काळाने लक्ष ठेवावे लागते. ते ठेवणार कोण?

योजना नाहीत असे कोणी म्हणू नये. २०२२ मध्ये आयुष्मान भारतखाली तृतीयपंथी व्यक्तींसाठी वर्षाला ५ लाख रुपयांच्या विमा संरक्षणाचा करार झाला, आणि २०२३ मध्ये आपल्याच मुंबईत जी. टी. रुग्णालयात ३० खाटांचा स्वतंत्र वॉर्ड सुरू झाला. या दोन्हींचे मला अप्रूप आहे. मात्र खाट लागते ती दाखल झाल्यावर, आणि मी अडलो होतो केस पेपरपाशी.

सोनोग्राफीच्या दिवशी चार-पाच ग्लास पाणी पिऊन आणि लघवी रोखून दीड तास बसलो. तपासणी संपल्यावर जायचे कुठे, हा प्रश्न मी त्या दीड तासात शंभर वेळा सोडवून पाहिला. बायकांच्या बाजूला गेलो तर आरडाओरडा होणार. पुरुषांच्या बाजूला बंद होणारे एकच दार होते आणि त्याला कडी नव्हती. तृतीयपंथीयांना रुग्णालयांत योग्य उपचार मिळावेत आणि त्यांच्यासाठी स्वतंत्र सार्वजनिक स्वच्छतागृहे असावीत, असे सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ च्या निकालातच बजावले आहे. शेवटी तिथल्या मावशींनी माझी चुळबुळ ओळखली. कमरेचा किल्ल्यांचा जुडगा सोडवत त्या हळूच म्हणाल्या, "दादा, वरच्या मजल्यावर स्टाफची मोरी आहे, चला." त्या दारापाशी पाठ करून उभ्या राहिल्या आणि मी बाहेर आल्यावर काहीही न विचारता कुलूप लावून निघून गेल्या.

गर्भाशयात लहानशी गाठ निघाली. काळजीचे कारण नाही, पण तीन महिन्यांनी पुन्हा सोनोग्राफी करायची आहे. चिठ्ठीवर तारीख घातली आहे आणि खाली 'पाणी पिऊन या' असे लिहिले आहे. त्या दिवशी मावशींची ड्यूटी सकाळची आहे की दुपारची, हे विचारायचे मात्र राहून गेले.