तुम्ही विचारलंत म्हणून: लाल तार की निळी?

वास्कोतल्या आमच्या सोसायटीच्या गणपतीत हा प्रश्न ठरलेला. आरती संपली, हातावर पंचखाद्य पडलं, की कुणाचा तरी मुलगा विचारतोच, "काका, तुम्ही नेव्हीत होता ना? सुरुंग निकामी करताना आधी कुठली तार कापायची?"

मी जहाजावरचा इलेक्ट्रिशियन. सुरुंगाला कधी हात लावला नाही. म्हणून मी जॉन ऊव्ह्रीची गोष्ट सांगतो.

ब्रिटिश आरमारातला लेफ्टनंट कमांडर. २२ नोव्हेंबर १९३९च्या रात्री जर्मन विमानानं टाकलेला सुरुंग टेम्सच्या मुखाशी, शूबरीनेसच्या चिखलात पडला. जहाज आदळायची गरज नाही, नुसतं वरून गेलं तरी त्याच्या लोखंडाच्या चुंबकत्वानं फुटणारी ही जात. ऊव्ह्री रात्रीच विजेरी घेऊन बघून आला, पण भरती लागली. दुपारच्या ओहोटीपर्यंत थांबणं आलं. आमच्या बायण्याच्या किनाऱ्यावर जाळं ओढणाऱ्या रापणकारांना हा हिशेब वेगळा सांगायला नको.

तेवढ्या वेळात सुरुंगावरच्या खाचांचा कागदावर ठसा घेऊन त्या मापाचा पितळी पान्हा बनवून घेतला. लोखंडी हत्यार कसं चालणार? मग ऊव्ह्री आणि त्याचा आरमारातला साथीदार बाल्डविन पुढे गेले, लुईस आणि व्हर्नकोम हे दुसरे दोघे साथीदार लांब थांबले. आता काय सोडवणार, ते ऊव्ह्रीनं आधीच सांगून ठेवलेलं. उडालाच, तर पुढच्याला कळावं, कुठवर ठीक होतं.

एक डिटोनेटर, म्हणजे स्फोटाला ठिणगी देणारा भाग, निघाला. सुरुंग उलटवला, तर खाली दुसरा.

तोही निघाला. सुरुंगाचं गुपित हाती आल्यावर जहाजांचं चुंबकत्व मारायच्या कामाला जोर आला: जहाजाभोवती केबल, तिच्यातून वीज. डीगॉसिंग म्हणतात. बाल्डविनचा मात्र पुढच्याच वर्षी अशाच एका सुरुंगानं जीव घेतला.

माझी नोकरी त्या केबलीच्या राखणीत गेली. ठरल्या वेळी मीटर बघायचा, आकडा वहीत लिहायचा. एकदा जेवून आल्यावर मी दोन आकडे अंदाजानं भरले. साहेबांनी वही माझ्यापुढे सरकवली. "हे बघून लिहिलंस?"

मी गप्प. त्यांनी दोन्ही आकड्यांवर लाल पेनानं रेघ मारली आणि मला मीटरकडे पाठवलं.