जमिनीतून निघणारा नायट्रस ऑक्साइड मोजताना

पिकाला घातलेल्या नत्राचा काही भाग नायट्रस ऑक्साइड होऊन हवेत जातो, हे वाचून माहीत होतं. तो माझ्या प्रयोगाच्या तुकड्यांतून किती जातो आणि नेमका कधी, हे मला स्वतः मोजायचं होतं. शंभर वर्षांच्या हिशोबात हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 273 पट उष्णता धरून ठेवतो, त्यामुळे जेमतेम मात्राही दुर्लक्ष करण्यासारखी नसते.

पद्धत दिसायला साधी. एक कडं जमिनीत रोवायचं, तेही काही दिवस आधी, कारण माती हलली आणि मुळं तुटली की सुरुवातीचे आकडे भरवशाचे राहत नाहीत. मोजणीच्या वेळी त्यावर हवाबंद झाकण बसवायचं आणि रबरी बुचातून सिरिंजने दर दहा मिनिटांनी थोडी हवा ओढून कुपीत भरायची. मग गॅस क्रोमॅटोग्राफ, म्हणजे हवेतले वायू वेगळे करून मोजणारं यंत्र. वायू किती चढत गेला, त्या चढावरून उत्सर्जन काढायचं.

कोरड्या दिवसांत आलेखावरची रेषा जवळजवळ आडवीच यायची. वाफशावरच्या जमिनीत हवा खेळती असते. तिथे नायट्रोसोमोनाससारखे जिवाणू अमोनियमचं नायट्राइट करतात, नायट्रोस्पिरा आणि नायट्रोबॅक्टर त्याचं नायट्रेट करतात, आणि या वाटेवर नायट्रस ऑक्साइड थोडाच सुटतो. खत पडून गेल्यावर जोराचा पाऊस झाला की चित्र पालटायचं. मातीतल्या पोकळ्या साठेक टक्क्यांपेक्षा जास्त पाण्याने भरल्या की ऑक्सिजन कमी पडतो आणि दुसरे जिवाणू श्वसनासाठी ऑक्सिजनऐवजी नायट्रेट वापरू लागतात. नायट्रेटचं नायट्राइट, मग नायट्रिक ऑक्साइड, मग नायट्रस ऑक्साइड आणि शेवटी निरुपद्रवी नायट्रोजन. पावसानंतरच्या नमुन्यांत रेषा अशी उभी चढायची की मी मोजणीचं वेळापत्रकच बदललं. ठरावीक वारी नमुने घेऊन वर्षाची सरासरी काढणं मला पटत नाही. वर्षभरातला मोठा वाटा थोड्याच ओल्या दिवसांत निघून जातो आणि नेमके तेच दिवस हातचे सुटतात.

सगळ्यात जास्त जीव लागला तो ॲसिटिलीनच्या चाचणीत. एकाच मातीच्या दोन बरण्या, दोन्हींतली हवा काढून ऑक्सिजनविरहित केलेल्या, आणि एकीत दहा टक्के ॲसिटिलीन. हा वायू शेवटची पायरी अडवतो, त्यामुळे जे नायट्रोजन होऊन गेलं असतं तेही नायट्रस ऑक्साइड म्हणून साचतं. दोन बरण्यांमधला फरक म्हणजे जिवाणूंनी शेवटपर्यंत नेलेला वाटा. उदासीन सामूच्या (pH, म्हणजे आम्ल-अल्कतेचं माप) मातीत हा फरक ठळक होता. साध्या बरणीत वायू फारसा साचलाच नाही. आम्लयुक्त तुकड्याच्या मातीत मात्र दोन्ही बरण्यांचे आकडे जवळजवळ सारखे आले. म्हणजे ॲसिटिलीन नसतानाही साखळी तिथेच तुटत होती.

कारण या शेवटच्या पायरीच्या विकरातच (एन्झाइममध्येच) आहे. त्यात तांबं असतं, ऑक्सिजन त्याला मानवत नाही आणि आम्ल मातीत ते नीट जुळूनच येत नाही. जिवाणू असतात, त्यांच्याकडे जनुकही असतं, तरी काम अर्धवट राहतं. खताची मात्रा कमी करा असं सगळेच सांगतात, आणि ते खरंही आहे. पण माझ्या मते सामूकडेही तितक्याच गांभीर्याने पाहायला हवं. आता त्या आम्ल तुकड्याच्या अर्ध्या भागात चुना मिसळला आहे आणि दोन्ही भागांत कडी रोवून ठेवली आहेत. पुढचे नमुने पहिल्या मोठ्या पावसानंतर लगेच घ्यायचे आहेत.