आधी माग ऐका: आमच्या एडिटिंग स्टुडिओची वाटचाल

इचलकरंजीत वाढलेल्या माणसाला ताल शिकवावा लागत नाही. गावात पहिला यंत्रमाग १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी बसवला. माझ्या लहानपणापर्यंत तो गल्लीगल्लीत पोचला होता. आमचे अण्णा जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करून चालते ठेवणारे. माग न थांबवता, नुसता कान देऊन ते कुठला नट सैल झालाय ते सांगायचे. रात्री वीज गेली की सगळे माग एकदम थांबायचे आणि त्या शांततेनं आम्हाला जाग यायची.

हा कान पुढं धंद्यात कामाला येईल असं कधी मनात आलं नव्हतं. २०११ मध्ये आमच्या ह्यांनी फोटो स्टुडिओला जोडून लग्नाचं व्हिडिओ शूटिंग सुरू केलं. एडिटिंगला माणूस ठेवायला परवडत नव्हतं म्हणून मी बसले. दहा बाय बाराची खोली, एक सेकंडहँड कॉम्प्युटर आणि सात गाणी. खरंच सातच. हळदीला एक, वरातीला दोन, पाठवणीला एक रडकं, उरलेली तीन जेवणाच्या पंगतीवर आलटून पालटून. तीन तासांची डीव्हीडी व्हायची. नवरदेव घोड्यावर चढता चढता गाणं संपायचं, दुसरं सुरू व्हायचं, आणि कुणाचीही तक्रार नसायची. सगळ्यांच्या डीव्हीडी तशाच होत्या.

पहिला धक्का २०१४ मध्ये बसला. शिरोळ तालुक्यातल्या एका गावच्या यात्रेतलं कुस्ती मैदान शूट करायला घेतलं होतं. घरी आल्यावर मी नेहमीसारखा मूळ आवाज बंद केला आणि वर एक जोशपूर्ण गाणं टाकलं. पैलवान लाकडी बाहुल्यांसारखे दिसायला लागले. वैतागून गाणं काढलं, हलगी परत आणली, आणि तीच कुस्ती श्वास रोखून बघावी अशी झाली.

मग मी ती कुस्ती दहा-बारा वेळा बघितली, पैलवानांकडं नाही, हलगीकडं लक्ष देऊन. खडाखडी चालू असताना हलगी संथ होती, घुमकं आणि कैताळ ही साथीची वाद्यं तिच्या मागून. एकानं पट काढायला, म्हणजे समोरच्याचा पाय धरायला, हात खाली नेला तशी हलगी चढली. पकड बसायच्या आधीच चढली, बरं का. हलगीवाल्याला पैलवानाच्या खांद्यावरूनच कळलं होतं. आणि पाठ मातीला टेकली त्या क्षणी तिघंही एकदम तुटून पडले. आम्ही वर्षानुवर्षं नेमकं उलटं करत होतो. गाणं आधी ठरवायचं आणि त्याच्याखाली चित्र ढकलायचं. त्या माणसाला गाणं नव्हतंच. तो समोरचं बघून वाजवत होता.

तरी लग्नाच्या कामात यातलं फारसं वापरलं नाही, खोटं कशाला सांगू. सीझनला महिन्यात चौदा लग्नं असली की कोण कशाला सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, शोधत बसतंय!

२०२० मध्ये लग्नं थांबली. त्याच जूनमध्ये टिकटॉकवर बंदी आली, जुलैत इन्स्टाग्रामचे रील्स आले, आणि बघता बघता साडीवाले, बेकरीवाले, सूतवाले सगळ्यांना तीस सेकंदांचा व्हिडिओ पाहिजे झाला. तीन तासांत खपून जाणारी चूक तीस सेकंदांत उघडी पडते. आमचं पहिलं मोठं काम एका कापड कारखानदाराचं होतं: चाळीस सेकंद, विषय त्यांचे माग. ह्यांनी शूटिंग सुरेख केलं. ट्यूबलाइटचा लपलपाट येऊ नये म्हणून कॅमेऱ्याचं शटर सेकंदाच्या पन्नासाव्या भागावर ठेवलं, आडवा धागा इकडून तिकडं नेणारा धोटा अगदी जवळून घेतला. मी त्याच्यावर लायब्ररीतलं गिटारचं गोड संगीत लावलं आणि कौतुकानं अण्णांना दाखवलं.

अण्णांनी पूर्ण बघितलं. मग म्हणाले, "माग बिघडलाय व्हय गं?"

मला कळेना. "फणीचा ठोका बघ की," म्हणाले. "हितं फणी मारती आणि बाजा तिकडं वाजतोय. असा माग चालला तर कापडाला पट्टे पडतील."

त्यांनी मोबाइल हातात धरून बोटानं दाखवलं. धोटा एका पेटीतून दुसऱ्या पेटीत जातो, त्याच्या मागोमाग फणी पुढं येते आणि आडवा धागा ठोकून बसवते. धोटा पळतो ते नुसतं जाणं. काम होतं ते फणीच्या ठोक्याला. मी गाण्याचा ठेका धोट्याच्या हालचालीशी जुळवायला बघत होते, कारण डोळ्याला तोच दिसतो.

त्या रात्री गणित मांडलं. आमचं शूटिंग सेकंदाला २५ फ्रेमचं, म्हणजे एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची. मिनिटाला १२५ ठोक्यांचं संगीत घेतलं तर प्रत्येक ठोक्याला बरोबर १२ फ्रेम येतात. १२० चं घेतलं तर साडेबारा, आणि अर्धी फ्रेम कापता येत नाही, म्हणून प्रत्येक दुसरा कट किंचित हलतो. आणि गंमत अशी की तो मागही १२५ च्या आसपासच चालत होता! मी हरखलेच. १२५ चा ट्रॅक शोधून लावला. पहिले आठ-दहा ठोके देवानं जुळवल्यासारखे बसले आणि पुढं माग हळूहळू मागं पडत गेला. पट्टा थोडा घसरतो, व्होल्टेज खालीवर होतं. माग काही मेट्रोनोम नव्हे.

सुटका केली मावसभावानं. तो भजनी मंडळात पखवाज वाजवतो. म्हणाला, "ताई, प्रत्येक मात्रा कशाला पकडतेस? समेवर ये, मधलं मोकळं सोड." डिस्नेच्या जुन्या कार्टूनपटांवरून या प्रकाराला मिकी माउसिंग म्हणतात, हे मला नंतर कळलं: पात्रानं पाऊल टाकलं की संगीतातही टप्प, डोळे मिचकावले की टिंग. कार्टूनला शोभतं. खऱ्या माणसांच्या व्हिडिओत चाळीस सेकंद तेच केलं की बघणारा दमतो.

मग चाळीस सेकंदांत फक्त तीन जागा ठरवल्या. पहिली, माग सुरू होतो ती. दुसरी, धोट्यातली आडव्या धाग्याची कांडी संपते आणि माग खट्कन थांबतो. तिथं संगीतही तोडलं, शेपूट न ठेवता. दीड सेकंद नुसती शांतता. कामगार जुनी कांडी काढतो, नवी घालतो, हँडल ओढतो, आणि फणीच्या पहिल्या ठोक्यावर सम. तिसरी, शेवटी कापडाची घडी उलगडते ती. मधल्या भागात मागाचा खरा आवाज संगीताखाली बारीक चालू ठेवला. कट ठोक्याच्या एक फ्रेम आधी केला. अगदी ठोक्यावर केला तर मला तो उशिरा आल्यासारखा वाटतो. कारखानदारांनी विचारलं, "मध्ये आवाज गेलाय का?" म्हटलं, परत एकदा बघा. परत बघितल्यावर पैसे दिले.

त्या व्हिडिओवर कामं यायला लागली. आज आम्ही पाच जण आहोत आणि पद्धत ठरून गेलीय. फुटेज आलं की आधी आवाज बंद करून बघायचं आणि जिथं काहीतरी घडून पूर्ण होतं तिथं कीबोर्डवरचं एम दाबून मार्कर, म्हणजे खूण, टाकायचा. भाकरी थापतानाचा हात वर जातो तिथं नाही, परातीत पडतो तिथं. ट्रॅक त्यानंतर शोधायचा. नवीन मुलं हमखास आधी ट्रेंडिंग गाणं उघडतात, आणि मी हमखास ओरडते.

गाण्यांवरून एकदा चांगलीच ठेच लागली. एका साडीच्या दुकानासाठी त्यांच्याच हट्टानं गाजलेलं सिनेमाचं गाणं वापरलं. ऐन दिवाळीच्या आठवड्यात व्हिडिओ रातोरात मुका झाला. जाहिरातीचे पैसे गेले, वर दुकानदार आमच्यावरच उखडले. लग्नसमारंभात गाणं वाजवायला कॉपीराइट कायद्यात सूट आहे, पण दुकानाच्या जाहिरातीखाली तेच गाणं लावायला नाही. हे आम्ही त्यांना आधी लेखी द्यायला हवं होतं. तेव्हापासून ढोलकी, पखवाज, हलगी आम्ही स्वतः रेकॉर्ड करतो. कलाकाराला मानधन देतो आणि कागदावर सही घेतो. यात आमचा स्वार्थही आहे: वादक समोर बसलेला असला की पडद्याकडं बघून वाजवतो. तिहाई, म्हणजे तीनदा वाजवून समेवर येणारा तुकडा, दोन फ्रेम लांबली तर तयार ट्रॅकला कात्री लागते. वादकाला नुसतं "परत एकदा" म्हटलं की झालं.

विसर्जन मिरवणुकीनं आणखी एक शिकवलं. समोरच्या गच्चीवरून, साधारण चाळीस मीटरवरून घेतलेल्या ढोल-ताशात टिपरू आधी पडतं आणि आवाज मागून येतो. एका फ्रेममध्ये आवाज जेमतेम १४ मीटर जातो, म्हणजे तीन फ्रेमचा फरक. तो ओढून जुळवावा लागतो. मोबाइलच्या फुटेजमध्ये तर फ्रेमचा वेग स्वतःच बदलत असतो. ते आधी एकसारखं करून घेतल्याशिवाय टाइमलाइनवर घ्यायचं नाही, असं आम्ही भिंतीवरच लिहून ठेवलंय.

लग्नं परत आलीत. आता अंतरपाट दूर होताना आम्ही गाणं काढून घेतो. "सावधान"चा सूर, अक्षतांची सर, वाजंत्री. तिथं आणखी काय लावणार!

गेल्या महिन्यात एअरजेट मागांचं काम आलं. मिनिटाला सहाशेच्या वर ठोके. म्हणजे एका ठोक्याला अडीच फ्रेमसुद्धा धड मिळत नाहीत. ठोका असा ऐकूच येत नाही, एकसलग घोंगावणं. धोटाही नाही, हवेच्या झोतावर धागा जातो. मार्कर टाकायला बसले तर बोट एमवर नुसतंच राहिलं. अण्णांना बोलावलं. ते आता ब्याऐंशीचे आहेत, कानाला मशीन आहे. ते काढून ठेवून त्यांनी पडद्याकडं बराच वेळ बघितलं आणि एका जागी बोट ठेवलं. ताण्याचा, म्हणजे उभा, तुटलेला धागा कामगार बाई बोटांत धरून गाठ मारत होती. गाठ ओढून घेताना तिची मान किंचित हलली.

तिथं मार्कर टाकलाय. पखवाजवाला गुरुवारी येणार आहे.