एका गुणाचं सोनं

शनिवार, ७ ऑक्टोबर २०२३
कोपरी, ठाणे पूर्व

सकाळी कणीक मळायला घेतली आणि मोबाइल चहाच्या डब्याला टेकवून उभा केला. हांगझोऊला एशियन गेम्समध्ये मुलींच्या कबड्डीची फायनल, समोर चायनीज तैपेई, म्हणजे तैवान. लेक गणवेशात, एका वेणीला रिबन बांधलेली, दुसरी तशीच सुटी. पोळ्या राहिल्या बाजूला, दोघी ओट्याशी उभ्या राहिलो.

मला आधीपासूनच धाकधूक होती. याच मुलींनी गटातल्या सामन्यात आपल्याला ३४-३४ असं बरोबरीत अडवलं होतं. मधे उपांत्य फेरीत आपण नेपाळला ६१-१७ हरवलं, पण त्याचा मला काही दिलासा वाटला नाही. एवढ्या फरकाच्या सामन्यात बचावाची परीक्षा होतच नाही.

आणि झालंही तसंच. मध्यंतराला आपण पुढे होतो, मग त्यांनी गाठत आणलं. शेवटी २६-२५. एक गुण. लेकीनं उडीच मारली. सासूबाई देवघरातून बाहेर आल्या आणि पितृपक्ष चालू असला तरी देवापुढे साखर ठेवायला सांगितली.

त्या एका गुणाचं मोल मला नीट कळतं. १९९७ साली आमच्या मंडळाकडून मी उजव्या कोपऱ्यात खेळायचे. मातीचं मैदान, सकाळी पाणी मारून दाबलेलं, चुन्यानं आखलेल्या रेषा. अंतिम सामना, आम्ही सातही जणी आत, गुण बरोबरीत, त्यांची शेवटची चढाई. सर कायम सांगायचे, ‘चढाई करणारीच्या डोळ्यांकडे बघू नकोस, पायाकडे बघ.’ त्या दिवशी मी डोळ्यांकडे बघितलं. तिनं डावीकडे नजर टाकली, मी तिकडे कलले, आणि तिचा पुढचा पाय बोनस रेषेपलीकडे टेकला, मागचा हवेत, म्हणजे बोनसचा एक गुण तिला. मी घोट्यावर झेप घेतली तोवर तिनं पाय ओढून घेतला होता. हाताला फक्त चुना लागला. ती दम न सोडता मध्यरेषा ओलांडून गेली आणि आम्ही एका गुणानं हरलो. कोणी मला एका शब्दानं बोललं नाही. रिक्षात मी दोन्ही हात मांडीवर पालथे ठेवून बसले होते, तळव्यावरचा चुना कोणाला दिसू नये म्हणून.

म्हणून आज मोबाइलवर तैपेईची मुलगी बोनस रेषेकडे पाय लांबवायची तेव्हा माझीच बोटं पिठात रुतत होती.

आपल्या या संघात मुंबईची सोनाली शिंगटे आहे, पुण्याची स्नेहल शिंदे आहे. सोनाली २०१८ च्या जकार्ताच्या एशियन गेम्सच्या संघातही होती. तेव्हा फायनलमध्ये इराणनं आपल्याला २७-२४ हरवलं होतं आणि पुरुष तर उपांत्य फेरीतच इराणकडून हरले होते. १९९० पासून पुरुषांचं आणि २०१० पासून बायकांचं सोनं कधी चुकलं नव्हतं, ते एकाच स्पर्धेत दोन्ही गेलं. घरात सुतक असल्यासारखं वाटलं होतं मला. मग कळलं की इराणच्या मुलींना घडवणाऱ्या प्रशिक्षक शैलजा जैन आपल्या नाशिकच्या. त्या संध्याकाळी माझा राग निवळला. आपल्याच मातीतल्या बाईनं परक्या देशात जाऊन पोरींना पकडी शिकवल्या, आणि त्या इतक्या तयार झाल्या की आपल्याला हरवू शकल्या. कबड्डी आपली आहे असं आपण म्हणतो ना, मग ती अशीच वाढायला हवी. आजचं २६-२५ मला त्या ६१-१७ पेक्षा कितीतरी जास्त आवडलं, ते त्यामुळेच.

दुपारी पुरुषांचा सामना. पुन्हा इराणच. २८-२८ असताना पवन सेहरावतच्या चढाईवरून वाद झाला. लॉबीचा, म्हणजे मैदानाच्या दोन्ही कडांच्या पट्ट्यांचा, जुना नियम लावायचा की नवा, यावर निर्णय एकदा इकडे, एकदा तिकडे, आणि तासभर खेळ थांबला. शेवटी ३३-२९ नं आपण जिंकलो. आनंद झालाच, पण जीव खट्टू झाला. एशियन गेम्सच्या फायनलला कोणता नियम लागू आहे हे मुलं मैदानात उतरण्याआधी ठरलेलं असायला हवं. दोन्ही संघांतल्या मुलांनी त्यासाठी वर्षानुवर्षं अंग झिजवलेलं असतं.

सगळीकडे शंभराचीच चर्चा आहे. मुलींचं हे सोनं भारताचं शंभरावं पदक ठरलं, आणि रात्रीपर्यंत आकडा १०७ वर गेला. जकार्ताला ७० होती, तोच तोवरचा उच्चांक होता. सकाळी कबड्डीच्या आधी तिरंदाजीत साताऱ्याच्या अदिती स्वामीनं कांस्य आणि नागपूरच्या ओजस देवतळेनं सोनं घेतलं. दोघंही साताऱ्यात प्रवीण सावंतांकडे शिकलेली. मला आकड्यापेक्षा ही गावांची नावं वाचायला आवडतात.

संध्याकाळी लेक मैदानावरून आली ती गुडघा खरचटून. हळद लावताना तिनं विचारलं, ‘आई, घोटा धरताना आधी कुठला हात?’ हॉलमधली सतरंजी दुमडून मी तिला दाखवलं. पुढचा हात घोट्याच्या मागून, दुसरा त्यावर कुलपासारखा, आणि खांदा तिच्या गुडघ्याला. सव्वीस वर्षांनी खाली वाकले तर हात आपसूक जागेवर गेले. तिनं तीनदा करून बघितलं. चौथ्यांदा मी पाय ओढला तरी सुटला नाही.

उद्या सकाळी साडेसहाला तिच्यासोबत मैदानावर जाणार आहे. तिच्या सरांना विचारलंय, त्यांनी या म्हटलंय.