कानात फोन घालून खेळताना

गुरुवार, रात्री

नवी हळद यायला लागल्यापासून सांगलीच्या मार्केट यार्डातून सुटायला उशीरच होतो. आज मात्र सौदे आटोपल्या आटोपल्या विश्रामबाग गाठलं. या खोलीत मी आणि आमचं पोरगं, शेजारच्या खोलीत समुपदेशक मॅडम, आणि माझ्या कानात त्यांचा आवाज. अमेरिकेतल्या शीला आयबर्ग या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९७० च्या दशकात ही पद्धत बसवली, साधारण २ ते ७ वर्षांच्या मुलांसाठी. पीसीआयटी म्हणतात हिला: पालक मुलाशी खेळतो आणि समुपदेशक त्याच्या कानात सांगत त्याला शिकवतो. तिकडं एका बाजूनंच दिसणाऱ्या काचेआडून बघतात, इथं मोबाइलच्या कॅमेऱ्यावर भागतं.

पोरगं वस्तू फेकतं, बालवाडीत ढकलाढकली करतं म्हणून आम्ही गेलो. शिकवणी मात्र माझी चाललीय.

पाच मिनिटं त्याच्या मनासारखं खेळायचं. तो करतोय ते बोलून दाखवायचं, तो बोलला ते आपण परत म्हणायचं, आणि कौतुक करायचं तर नेमकं कशाचं ते सांगून. नुसतं 'शाब्बास' चालत नाही. 'डबा हळू ठेवलास, आवडलं मला' असं. हुकूम नाही, टीका नाही आणि प्रश्नही नाही. पुढच्या टप्प्यात जायला पाच मिनिटांत हे तिन्ही प्रकार १०-१० वेळा यावे लागतात, आणि प्रश्न-हुकूम-टीका मिळून तीनपेक्षा कमी.

माझं सगळं अडतं ते प्रश्नांवर. दिवसभर भाव विचारणारा माणूस मी. त्यानं ठोकळ्यांची पोती रचली की तोंडातून जातंच, "किती पोती झाली रे?" कानात मॅडम लगेच, "सांगा, विचारू नका." मग मी, "तू पोती रचतोयस." आधी फार खोटं वाटायचं. आज तोच म्हणाला, "ही ओली हळद आहे, ही वाळवायचीय." मी नुसतं परत म्हटलं, "ही वाळवायचीय." तर त्यानं अख्खी सतरंजी पसरून हळकुंडं वाळत घातली आणि मला राखणीला बसवलं. एरवी मी रंग, आकडे विचारून परीक्षाच घेत बसलो असतो. अर्थात दिवसभर हे जमणार नाही. जेवलास का, एवढं तरी माणूस विचारणारच.

घरी मात्र वाद झाला. दुपारी यानं चुलतभावाला चावा घेतला होता. माझी आई म्हणाली, "आज खेळ बंद. लाडावून ठेवलंय." मॅडमचं म्हणणं नेमकं उलटं: ही पाच मिनिटं बक्षीस नाहीत, शिक्षा म्हणून काढून घ्यायची नाहीत. चाव्याचं काय करायचं ते दुसऱ्या टप्प्यात येईल. तिथं एका वेळी एकच सूचना द्यायची, 'बसशील का' असं विचारायचं नाही, सरळ 'इथं बस' म्हणून सांगायचं. मला हे पटतं. वाईट दिवशीच तर जवळ बसायची गरज जास्त. आईला नाही पटलं. खेळ झाला, पण स्वयंपाकघरातून तिच्या सूचना चालूच होत्या. "अरे, तो हत्ती उलटा धरलाय त्यानं!"

पुढच्या आठवड्यात कानात फोन घालायची पाळी बायकोची. तिला यात काहीच अवघड वाटत नाही म्हणे. बघू.